पाऊस तिकडचा, टँकर दोन्हीकडचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सध्या कोकणच्या पाण्यावरून चांगलीच जुंपली आहे. लातूरच्या एका वाचकांनी लिहिलं, 'कोकणातलं पाणी समुद्रात वाया जातं, ते आम्हाला द्या.' त्यावर चिपळूणच्या वाचकांचं उत्तर आलं, 'आधी तुमचा ऊस थांबवा.' दोन्ही पत्रं मी मेसमध्ये जेवता जेवता वाचली. मी मूळची औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. शिकते दापोलीत, बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणजे पाऊस इथला खाते आणि काळजी तिथल्या पावसाची करते. तेव्हा दोन शब्द मलाही बोलू द्या.

बारावीनंतर सीईटी दिली, कॅप राउंडमध्ये दापोली लागलं. गावात कुणालाच दापोली नेमकी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. आण्णांनी शेजारच्या पोराकडून मोबाइलवर नकाशा काढून घेतला, कडेचा निळा रंग बघितला आणि म्हणाले, "जाऊ दे पोरीला, निदान पाण्याची तरी चिंता नाही." आमच्याकडं मुलीला स्थळ बघताना गावात पाणी आहे का हे आधी विचारतात. कॉलेज बघतानाही तोच हिशोब लागला.

पाणी बख्खळ असलं तरी चिंता असतेच, हे पहिल्या जुलैतच कळलं. खोलीत आडव्या-तिडव्या दोऱ्या, त्यांवर चौघींचे ओले कपडे, वर पंखा पाचवर, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. चपलांवर पांढरी बुरशी, प्रॅक्टिकल रेकॉर्डची पानं फुगलेली, दाखले दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून गादीखाली ठेवलेले. आईनं ज्वारीचं पीठ दळून पाठवलं होतं. ते बघता बघता कडवट झालं, वर जाळी धरली. आता ती पीठ पाठवत नाही, कडक भाकरी पाठवते. त्याही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर इथल्या हवेनं मऊ पडतात, आणि मऊ पडलेली कडक भाकरी कुणीच खाऊ नये. सोबत शेंगाची चटणी असते. ती मात्र बुरशीच्या आधी मैत्रिणी संपवतात. आमच्या घरात माळ आहे, त्यामुळं हर्णै बंदर इतकं जवळ असूनही मी आमटी-भातावर. मेसच्या काकू हळहळतात, "अगो, इथे येऊन मासे नाही खायचे तर काय करायचं?" शिकायचं, असं मी म्हणते. त्यांना ते पुरेसं कारण वाटत नाही.

हवामानाच्या प्रॅक्टिकलला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायला जावं लागतं, सकाळी साडेआठला. काचेच्या नळीत पाणी ओतायचं, डोळा रेषेच्या पातळीवर आणायचा आणि आकडा लिहायचा. जोराचा पाऊस झालेला असला की नळी भरून ओतायची, पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची. असं केलं त्या दिवशी संध्याकाळी आण्णांचा फोन आला.

"काय म्हणतोय तिकडं पाऊस?"

"एकशे साठ."

"या महिन्याचा?"

"कालचा, आण्णा."

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. तिकडं सोयाबीन दुपारच्याला माना टाकत होतं. आमच्याकडं वर्षाकाठी आठशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पडतो, इथं साडेतीन हजारांच्या आसपास. तेव्हापासून मी फोनवर इथला आकडा निम्मा करून सांगते. उपाशी माणसाला आपण काय जेवलो ते किती सांगायचं?

२०१६ चं सालही आठवतंय. मी तेव्हा शाळेत होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. माझी मावशी शहरात राहायची. तिच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत घागरी, कॅन, रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले असायचे आणि प्रत्येक बाईला आपला डबा कुठला ते अचूक माहीत असायचं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. देशभर त्याच्या बातम्या झाल्या. लातूरचं नाव सांगितलं की इथली मुलं अजूनही आधी 'रेल्वेचं पाणी' म्हणतात, मग 'लातूर पॅटर्न'.

त्यामुळं कोकणात टँकर लागतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. गेल्या मे महिन्यात परीक्षा संपल्यावर रूममेटबरोबर तिच्या घरी गेले. खेड तालुक्यात डोंगराच्या कुशीत तिची वाडी आहे. आजूबाजूला आंबा, काजू, फणस, सगळं हिरवंगार. मी म्हटलं, अशा ठिकाणी कशाचा दुष्काळ! संध्याकाळी तिची आई म्हणाली, "चला, पाण्याला जाऊ." ओढ्यात उतरलो. ओढा म्हणजे नुसते वाळलेले गोटे. एका कोपऱ्यात गुडघाभर खोल खड्डा खणलेला, त्याला ते डवरा म्हणतात. त्यात तळाला ओंजळीएवढं पाणी. करवंटीनं ते अलगद भरून हंड्यात घालायचं, गढूळ होऊ द्यायचं नाही, आणि पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायचं. चार बायका आमच्या आधीपासून बसलेल्या होत्या. एक हंडा भरेपर्यंत अंधार पडला आणि मग तो डोक्यावर घेऊन चढ चढायचा. दुसऱ्या दिवशी टँकर आला. तो वाडीपर्यंत चढत नाही. खाली रस्त्याला विहीर आहे, तिच्यात पाणी सोडून जातो आणि बायका तिथून वर वाहतात. मावशीच्या गल्लीत निदान चढ तरी नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल-मेला टँकर सुरू होतात ही इथल्या पेपरात ठरलेली बातमी आहे. धनगरवाड्यांना सगळ्यात आधी लागतो, कारण त्या सगळ्यात उंचावर. लातूरच्या पानावर ही बातमी कधी येत नाही, म्हणून आमच्याकडं सगळ्यांना वाटतं की इथं नळाला बारमाही धबधबा आहे.

कारण आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत पन्नास-साठ किलोमीटरचा उतार. नद्या आखूड आणि तीव्र. वर पडलेलं पाणी काही तासांत खाडीत. जमीन जांभ्याची, ती पाणी झटकन पिते आणि तेवढ्याच झटकन खालून सोडून देते. विहिरी पावसाळ्यात काठोकाठ आणि मार्चमध्ये तळ. आमच्या काळ्या रानाचं उलट आहे. ते पाणी धरून ठेवतं, पण आधी आभाळातून पडलं तर पाहिजे. परीक्षेत हे लिहून मार्क मिळाले होते. डवऱ्याच्या काठाला बसल्यावर ते खरं वाटलं.

आता 'वाया जाणाऱ्या' पाण्याबद्दल. दाभोळला जेट्टी आहे, तिथून फेरीबोटीनं पलीकडं धोपाव्याला जाता येतं. सुट्टीत आम्ही मुली कधीतरी जातो. ती वाशिष्ठीची खाडी. आणि वाशिष्ठीत नुसतं कोकणचं पाणी नसतं. कोयना धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून वीज तयार करतात आणि मग ते चिपळूणजवळ वाशिष्ठीत सोडतात. त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरलेलं आहे. कोयना खरी वाहते पूर्वेला. कराडला कृष्णेला मिळते आणि पुढं सांगली-मिरजेवरून जाते. आमच्या रेल्वेत भरलं होतं ते मिरजेचं, कृष्णेचं पाणी. म्हणजे एकाच कोयनेचं थोडं पाणी २०१६ मध्ये मावशीच्या घागरीत आलं असणार, आणि बाकीचं या खाडीत मी बघते. घाटावरचं पाणी कोकणात येतं, हे भांडणाऱ्या दोन्ही वाचकांच्या पत्रांत कुठंच नव्हतं.

मी हॉस्टेलवर बसून गणित केलं. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३२ कोटी लिटर. पन्नास वाघिणींच्या गाडीनं ते आणायचं म्हटलं तर अकरा हजारांहून जास्त खेपा होतात, फक्त एका टीएमसीला. पाणी वळवण्याच्या गप्पा मारताना हा आकडा डोळ्यांसमोर असावा. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. ज्या उंचीवरून पडून पाण्यानं वीज दिली, त्या उंचीवर ते परत चढवायचं तर मिळाली त्याहून जास्त वीज घालावी लागेल. नदीजोड करूच नका असं मी म्हणत नाही. नाशिककडच्या दमणगंगा, नार-पार यांच्या योजना वेगळ्या आहेत, तिथं माथ्याजवळच पाणी अडवून गोदावरी आणि गिरणेकडं वळवायचा विचार आहे. पण 'कोकणचं पाणी द्या' हे वाक्य टाळ्या घेण्यापुरतं ठीक.

उसाचं चिपळूणच्या वाचकांचं म्हणणं खरं आहे, आणि ते मला झोंबलं. आमचाही एक एकर ऊस आहे. आण्णांना ऊस लावायची हौस नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. उसाला निदान कारखान्याची नोंद तरी असते. सोयाबीनला हमीभावानं गिऱ्हाईक उभं करा, ऊस आपोआप कमी होईल. बोट दाखवून होणार नाही. मी घरी ठिबकचं बोलते तेव्हा आण्णा म्हणतात, "अनुदान मिळालं की करू." अनुदानाचा अर्ज ऑनलाइन मीच भरला आहे, तेव्हा यावर जास्त बोलत नाही.

दिवाळीला मी घरी जाणार आहे. दापोलीहून एसटीनं पुणे, मग वाकडेवाडीच्या स्टँडवरून लातूरची गाडी. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं वडापाववर खर्च करायला हात मोकळा असतो. प्रवासाची तक्रार करायची माझी हिंमत नाही, कारण याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आमच्या गाडीला निदान खिडकी आहे.

त्याआधी मात्र एक काम चालू आहे, आणि पत्र खरं त्यासाठी आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्याला बारीक धार असते, तेवढ्याच दिवसांत वनराई बंधारा घालता येतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात माती किंवा वाळू, तोंड शिवायचं आणि आडव्या थरांत रचायच्या. आमच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुला-मुलींनी जवळच्या गावात घातला. गोण्या बांधकामांवरून मागून आणल्या, गावानं दुपारचं जेवण दिलं. मधल्या फटीत चिखल दाबून बसवेपर्यंत पाणी सारखं निसटत होतं; एका आजोबांनी भाताचा पेंढा आणून फटींत कोंबला तेव्हा कुठं थांबलं. आमच्या पुस्तकात पेंढा नव्हता. या बंधाऱ्यानं मे महिन्याचा टँकर बंद होणार नाही. फार तर दोन-तीन महिने पाणी टिकेल, खालच्या विहिरीला पाझर लागेल, कुणी वाल-भाजीपाला करील. पण धार आटल्यावर हे काम करता येत नाही, आणि धार आता आहे. आमच्या गावातही जलयुक्त शिवारच्या वेळी नाला खोल केला होता. आता तो गाळानं भरलाय. गाळ काढायचं कुणाच्या लक्षात नाही, कारण उद्घाटनाचे फोटो काढून झालेत.

तर विनंती अशी. मे महिन्यात आपण टँकरची आकडेवारी छापता, कुठल्या तालुक्यात किती गावं, किती वाड्या. तशीच नोव्हेंबरमध्ये बंधाऱ्यांची छापा, रत्नागिरीच्या पानावर आणि लातूरच्याही. कुठल्या ओढ्यावर घातला, मागच्या वर्षीचा किती दिवस टिकला, कुठल्या नाल्यातला गाळ निघाला. सरपंचांना आपलं नाव यादीत नाही हे पेपरात दिसलं तर निम्मी कामं तेवढ्यानंच होतील. लातूरच्या वाचकांनी आमच्याकडच्या नाल्याचं लिहावं, चिपळूणच्या वाचकांनी त्यांच्या ओढ्याचं. आमच्या बंधाऱ्याची माहिती मी फोटोसकट पाठवते आहे. जानेवारीत जाऊन पाणी मोजू, तो आकडा निम्मा न करता कळवीन.

आपली,
एक विद्यार्थिनी
दापोली (मूळ गाव ता. औसा, जि. लातूर)