वाचनालयाचे आवाहन : गणेश चवथीपर्यंत ही दोन कपाटे भरू द्या

सप्रेम नमस्कार.

गावातील समस्त ग्रामस्थ, तसेच मुंबई-पुण्याला, आखातात आणि त्याहून लांब असलेली आपली माणसे, सर्वांना कार्यकारी मंडळाची ही कळकळीची विनंती. वाचनालयाला पुस्तके हवी आहेत आणि ती दोन प्रकारची : क्रोशाने खेळणी विणायची, आणि अकरावीपासून पुढच्या अभ्यासाची. ही जोडी ऐकून सर्वसाधारण सभेतही काहींनी प्रश्न केला होता, म्हणून आधी तिचे कारण सांगते.

संध्याकाळी मुले अभ्यासिकेत बसतात. अंधार पडल्यावर त्यांना सोबत हवी म्हणून आया आणि आज्या येतात व सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, थांबतात. त्या वेळात त्यांनी सुई-दोरा हातात घेतला. त्यांनी विणलेले हत्ती, ससे, कासवे आता जत्रेच्या फेरीत मांडली जातात आणि आलेल्या पैशांतून अभ्यासिकेसाठी पुस्तके घेतली जातात. बाहेर आई विणते म्हणून आत मुलाला पुस्तक मिळते. एक कपाट रिकामे राहिले की दुसरेही राहते.

हे वाचनालय कोणामुळे उभे आहे, ते नव्या पिढीला माहीत असायला हवे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना शाळा आणि वाचनालये काढायला मोकळीक मिळाली. त्या काळच्या जाणत्यांनी लावलेली वाचनाची गोडी आपल्या गावात घरोघरी होती, पण पुस्तके ज्याच्या त्याच्या माळ्यावर. गोव्याच्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. तशाच एका शाळेवर आपले थोरले गुरुजी आले. देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेतली, एक खोली मागून घेऊन त्यांनी स्वतःची सगळी पुस्तके तिथे आणून लावली. प्रत्येकाला खाकी कव्हर, कण्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात क्रमांक. पगारातून दर महिन्याला एक तरी पुस्तक यायचेच. कुळागरवाल्या आबांनी फळ्यांसाठी फणसाचे लाकूड दिले आणि सुताराची मजुरीही. त्या फळ्यांना अजून वाळवी शिवलेली नाही.

पलीकडच्या वाड्यावरच्या टीचरबाईंचे उपकार तर किती सांगावेत! चर्चमधल्या आल्तारच्या (वेदीच्या) कापडाला क्रोशाची काठ विणणारा त्यांचा हात. दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी नमुन्यांच्या आपल्या साऱ्या पोर्तुगीज पुस्तिका वाचनालयाला दिल्या, आणि नुसत्या देऊन थांबल्या नाहीत. सोप्यावर बसून एकेक नमुना बायकांना हाताला धरून शिकवला. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून गेलेला आपल्याच वाड्यावरचा मुलगा नोकरीला निघताना चारही वर्षांची पुस्तके, सोडवलेल्या वह्यांसकट, ठेवून गेला. ती वाचून त्याच्यामागून आणखी मुले तिथे पोचली. आमचे गणिताचे सर दर शनिवारी विनामूल्य शिकवतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणिती बाईंनी १९९७ साली हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडे झालरीसारखा फुलत जाणारा भूमितीतला आकार, क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला, ही हकिगत त्यांनीच आम्हाला सांगितली. तेव्हापासून आमच्या सोप्यावरच्या बायकांची मान ताठ आहे. असे देणारे लाभले, हे या गावाचे भाग्य.

आता गरजेचे. खेळण्यांची म्हणजे मुख्यतः अमिगुरुमीची, विणून आत कापूस भरलेल्या जपानी धर्तीच्या छोट्या खेळण्यांची, पुस्तके हवीत. पहिल्या कड्यात सहा मुके खांब (क्रोशाचे साधे आखूड टाके), मग बारा, अठरा, चोवीस असा गोल वाढत जातो, तसाच कमी करून आत कापूस भरायचा. एका फेरीत टाका चुकला की हत्तीची मान वाकडी होते, म्हणून ओळीवर पेन्सिल ठेवून विणावे लागते. ‘सगळे मोबाईलवर मिळते’ असे सांगणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा आमच्या सोप्यावर यावे. वीज नाही, रेंज नाही आणि दोन्ही हात दोऱ्यात गुंतलेले. जपानी पुस्तकेही खुशाल द्या, त्यांतल्या चिन्हांच्या आकृत्या आमच्या बायका भाषेविना वाचतात. गव्याचा नमुना आम्हाला एकाही पुस्तकात मिळाला नाही, तर त्यांनी बैलाचा घेऊन त्याला पांढरे पाय विणले! गोव्याचा राज्यप्राणी म्हणून पर्यटक तो आधी उचलतात. अशा हातांना चांगली पुस्तके मिळाली तर काय होईल, याचा विचार करा.

अभ्यासाच्या पुस्तकांत अकरावी-बारावीचे विज्ञान आणि वाणिज्य, पदवीचे मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, अभियांत्रिकीचे मूलभूत विषय, आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची तयारी, एवढे तातडीचे. गणित, भौतिकशास्त्र, व्याकरण, शब्दकोश कितीही जुने असले तरी आनंदाने घेऊ. कायद्याचे मात्र १ जुलै २०२४ नंतरचे, म्हणजे भारतीय न्याय संहिता आलेलेच द्या, आणि कराचे जीएसटीनंतरचे. जुन्यावर अभ्यास केलेल्या मुलाचे वर्ष फुकट जाते. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची त्याची परंपरा, सगळे आहे तिथे. पण कॉलेज सुटल्यावर बस बदलून तिथे जायचे आणि रात्रीच्या आत घरी यायचे, हे आपल्या मुलींना रोज कसे जमावे?

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहिते. गेल्या वर्षीही आवाहन केले होते. घरोघर फिरलेल्या आमच्या मुलांना काही दारांतून ‘आता कोण वाचतो’ एवढेच ऐकून परत यावे लागले. आणि भर पावसात कोणीतरी वाचनालयाच्या पायरीवर गोणी टाकून गेले. आत फाटकी गाईडे, जुनी कॅलेंडरे, सगळे भिजून बुरशी धरलेले. देणगी म्हणून आपण काय देतो, हे एकदा आपल्या मुलाच्या हातात ठेवून पाहावे. राग नाही. थोरल्या गुरुजींच्या गावात हे घडले, याचे वाईट वाटते.

घाई एवढ्यासाठी की कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि बायकांना विणायला निदान दोन महिने लागतात. चवथीला गावी येताना बॅगेत दोन पुस्तके आणलीत तरी वेळेत होईल.

पुस्तके सोमवार सोडून रोज संध्याकाळी ४ ते ७ वाचनालयात स्वीकारली जातील. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणावीत, पायरीवर ठेवू नयेत. आत नाव-गाव लिहावे, नोंदवहीत चढेल. बाहेरगावच्यांनी फोंड्यापर्यंत पाठवून आधी कळवल्यास कार्यकर्ता उतरवून घेईल. सुती दोरा, उरलेली लोकर, २.५ ते ३.५ मि.मी. सुया चालतील; तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना डोळे दोऱ्यानेच भरतो, प्लास्टिकचे डोळे-मणी नकोत; रोख देणगी दोन लोखंडी कपाटांसाठीच वापरली जाईल, पावती तिथल्या तिथे; संपर्क क्रमांक फलकावर आहे, तोच.

आपली नम्र,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने