हात आत घ्या, काठीही आत घ्या

मा. संपादक,
सादर नमस्कार.

३१ वर्षं मी बेळगावातून सुटणाऱ्या सरकारी बसवर कंडक्टर होतो. सावंतवाडी, कोल्हापूर, पणजी, अथणी, सगळ्या वाटा फिरून झाल्या. त्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य तिकिटाचं नव्हे, "हात आत घ्या" हे होतं. मागोमाग कन्नडात, "कै ओळगं तगोळ्री." आंबोलीच्या वळणावर समोरून ट्रक आला की खिडकीवर टेकलेलं कोपर किती बोटांच्या अंतरानं वाचतं, ते मी पाहिलंय. म्हणूनच जहाजावर सेल्फी स्टिकचं, म्हणजे मोबाईल टोकाला लावून फोटो काढायच्या काठीचं, जे दिसलं त्याबद्दल गप्प बसवत नाही.

आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलांनी गेल्या डिसेंबरात मुंबई ते गोवा जहाजाची सहल ठरवली. लहानथोर धरून आम्ही १४ जण. निघायच्या आदल्या दिवशी खडेबाजारातून तीन सेल्फी स्टिक आल्या. मुलाची एक, जावयांची एक, पुतण्याची एक. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढी माणसं एका फोटोत बसवायची तर हात पुरत नाही. आमच्या जुन्या अल्बममध्ये थोरला मुलगा जवळजवळ नाहीच, कारण कॅमेरा कायम त्याच्या हातात असायचा. काठीमुळं तो पहिल्यांदा आईशेजारी उभा राहिला. काठीवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो.

पहिल्या संध्याकाळी सूर्य मावळताना सगळं जहाज वरच्या डेकवर आलं होतं. मी बाकावर बसलो होतो. जावयांनी पाच वर्षांच्या नातीला उचललं आणि कठड्याच्या वरच्या दांडीवर बसवलं. डाव्या हातानं तिची कंबर धरलेली, उजव्या हातात लांब केलेली काठी, आणि दोघांची नजर वर मोबाईलकडं. मागं सूर्य, खाली समुद्र. जहाजावरचा एक कर्मचारी लांबून इंग्रजीत काहीतरी ओरडत येत होता. तो आपल्यालाच म्हणतोय हे जावयांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तोंडून ३१ वर्षांच्या सवयीचं वाक्य निघालं, "आत घ्या!" बसमधला आवाज होता तो. जावयांनी पोरीला खाली घेतलं. मग ते माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मामा, मला कठडा दिसलाच नाही. स्क्रीनवर फक्त तिचा चेहरा दिसत होता."

जावई निष्काळजी नाहीत. दुचाकीवर पोरीला हेल्मेट घातल्याशिवाय बसवत नाहीत. तरीही हे घडलं. काठी हातात आली की माणूस आपण कुठं उभे आहोत ते बघत नाही, आपण कसे दिसतो ते बघतो.

कठड्याचं गणित साधं आहे. अमेरिकेच्या २०१० सालच्या कायद्यानं प्रवासी जहाजांचा कठडा निदान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट, असायला हवा असं ठरवलंय. उभ्या माणसाची कंबर त्याच्या आत राहते, म्हणून धक्का बसला तरी तो पलीकडं जात नाही. लेकराला दांडीवर बसवलं, किंवा आपण खालच्या दांडीवर पाय देऊन चढलो, की त्या साडेतीन फुटांचा उपयोग संपला. त्यात जहाज १५-२० नॉट वेगानं चाललेलं. एक नॉट म्हणजे ताशी जवळपास १.८५ किलोमीटर. उघड्या डेकवर एवढा वारा नुसत्या चालण्याचाच लागतो, समुद्राचा वेगळा. मीटरभर काठीच्या टोकाला आडवा धरलेला मोबाईल त्या वाऱ्यात फळीसारखा ओढला जातो, आणि काठी धरणारा त्याच्याबरोबर झुकतो.

बारावी सायन्सला असलेल्या माझ्या थोरल्या नातीनं आणखी एक हिशेब मांडून दाखवला. वरच्या डेकवरून मोबाईल निसटून सात मजले खाली, म्हणजे अंदाजे २० मीटर पडला, तर खाली पोचताना त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. महामार्गावर आमची बस त्याच वेगानं जायची. खालच्या डेकवर कुणाचं तरी आजोबा-आजीचं जोडपं चहा घेत बसलेलं असतं. मी हे ऐकल्यापासून काठीवरच्या मोबाईलच्या क्लिपकडं बघतो. एका छोट्या स्प्रिंगवर सगळा भरवसा.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण लिहितो. दुसऱ्या दिवशी आमच्या सूनबाई आयुष्यात पहिल्यांदा तरणतलावात उतरल्या. सासू-सासऱ्यांसमोर उतरायचं म्हणून संकोच होता, आमच्या हिनंच त्यांना धीर दिला. पाच मिनिटंही झाली नसतील, एक तरुण पाण्यातच काठी उंच धरून गोल फिरत व्हिडिओ काढू लागला. त्याला स्वतःचा व्हिडिओ हवा होता, वाईट हेतू नसेल. पण त्या गोलात पाण्यातली प्रत्येक बाई आली. सूनबाई टॉवेल गुंडाळून वर आल्या त्या परत उतरल्या नाहीत. तो व्हिडिओ कुठं गेला, कोण बघणार, हे त्यांनी मला विचारलं नाही, पण हिला विचारलं. उत्तर आम्हा कुणाकडंच नव्हतं.

जिन्यातही एकाची काठी वळताना हिच्या चष्म्याला लागली. काच वाचली, तो मुलगा पाया पडायला लागला. तेवढ्यावर भागलं.

जहाज सुटण्याआधी धोक्याची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, मग सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं, ३२ माणसं गेली. तेव्हा नव्यानं चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत घ्यायचा नियम झाला. आमच्या कवायतीत अर्धी माणसं काठ्या वर करून भोंग्याचं चित्रीकरण करत होती. पुतण्याही त्यात होता. कोणत्या जिन्यानं खाली यायचं, हे मी त्याला रात्री विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

हे काही नवं नाही. डिस्नेच्या अमेरिकेतल्या उद्यानांत ३० जून २०१५ पासून सेल्फी स्टिक आत नेता येत नाही. मुंबईत बँडस्टँडला मुलगी बुडाल्यावर २०१६ साली पोलिसांनी सेल्फीबंदीच्या १६ जागा ठरवल्या. २०१७ साली नागपूरजवळ वेणा जलाशयात नावेवर सेल्फी काढणारी पोरं नाव उलटून बुडाली. आणि आपल्यापासून हाकेच्या अंतरावरचं किटवाड कोण विसरेल? नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या चार मुली तिथल्या धबधब्यात बुडाल्या. त्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलच्या वाटेवरची गर्दी मी बघितली आहे.

काठीवर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणत नाही. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर काठी बाळगायला बहुधा हरकत नसते, पण घसरगुंडी, दोरीवरचे खेळ अशा ठिकाणी ती चालत नाही. आपल्याकडं तेवढं तरी हवं. शिवाय कठड्यापासून दोन हात आत एक जाड पिवळी रेघ मारावी, त्या रेघेपलीकडं काठी उघडायची नाही. तरणतलाव, जिना, लिफ्ट आणि कवायत इथं काठी मिटलेलीच हवी. पणजीला मांडवी नदीतल्या संध्याकाळच्या बोटींवरही हे लागू करा, कारण बेळगावची माणसं मोठ्या जहाजापेक्षा तिथंच जास्त जातात. तिथं लहान मुलांना नाचायला वर बोलावतात, आणि त्यांचे आई-बाप काठ्या घेऊन पुढं गर्दी करतात. मागं खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी तिकीट काढलेलं असतं, त्यांना नुसते मोबाईल दिसतात. गोव्याचा देखणी नाच कसा झाला, हे हिला आजवर माहीत नाही.

आणि या सूचना मराठीत, कन्नडात, कोकणीत द्या. आमच्या जहाजावर सगळं इंग्रजीत, थोडंफार हिंदीत होतं. कर्मचारी वेळेवर ओरडला होता, पण त्याची भाषा जावयांपर्यंत पोचली नाही. पाटीवर कुठली भाषा आहे यानं काय फरक पडतो, ते आम्हा सीमाभागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. बसमध्ये मी तेच वाक्य दोन भाषांत म्हणायचो. दोन सेकंद जास्त लागायचे.

घरचा नियम आम्ही केलाय. एका कुटुंबाला एकच काठी. ती धरणाऱ्याच्या शेजारी एक जण मोबाईल न घेता उभा राहील आणि फक्त पोरांकडं बघेल. दुसऱ्याचं लेकरू किंवा बाईमाणूस चौकटीत आलं तर आधी विचारायचं, नाहीतर फोटो पुसायचा. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली तीन घरं जहाजानं जाणार आहेत. त्यांना मी हे सांगितलंय, आणि सात ओळींची सूचना मराठीत व कन्नडात वहीच्या कागदावर लिहून दिलीय. कुठल्या सहल कंपनीला ती छापायची असेल तर खुशाल घ्यावी, माझं नावही नको.

त्या संध्याकाळचा फोटो जावयांनी पुसून टाकला. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बाकावर बसून काढलेला १४ जणांचा फोटो हॉलमध्ये लावलाय. त्यात सूर्य नाही, पण नात माझ्या मांडीवर आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कंडक्टर, वडगाव, बेळगाव