मूठभर गहू परत पोत्यात ओतणाऱ्या काकांना

आदरणीय काकांना सादर प्रणाम.

वडिलांच्या हाती गव्हाची हिशोबपट्टी पडली, तिच्यात कडत्याच्या, म्हणजे वजनातल्या कपातीच्या, नावाखाली एक किलोही कापलेला नव्हता, आणि ती त्यांनी गावी नेऊन भावकीला वाचून दाखवली, हे आपल्याला कळवावे म्हणून पत्र लिहायला बसले. मात्र आभार मानायचे आहेत ते त्या पट्टीच्या आधी घडलेल्या एका गोष्टीबद्दल, जी आपल्या लक्षातही नसेल.

यंदाच्या, म्हणजे 2023 च्या मार्चमध्ये अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या निफाड तालुक्याला झोडपले, तेव्हा आमचा गहू कापणीला आला होता. द्राक्षे आणि कांद्याच्या नुकसानीच्या बातम्या झाल्या, गव्हाचे फारसे कोणी नाव घेतले नाही, आणि जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू असल्याने पंचनामेही खोळंबले. वाळवल्यानंतर पाहिले तर दाणा भरलेला आणि टपोरा होता, कोंब फुटलेला नव्हता. गेली होती ती चमक. तेवढ्यावरून गावाजवळच्या एका व्यापाऱ्याने तो कोंबड्यांच्या खाद्याचा माल ठरवला आणि भावही तसाच सांगितला. दाद मागायला एका कार्यालयात गेलो, तर तिथे या टेबलावरून त्या टेबलावर फिरवून झाल्यावर एका साहेबांनी कागदातून मान वर न काढता ‘गहू हे तुमच्या भागातले मुख्य पीक नाही’ एवढेच सांगितले. (ते खरे आहे असे धरले, तरी आमच्या कोणत्या प्रश्नाचे ते उत्तर होते, हे मला अजून उमगलेले नाही.)

मी भांडुपला राहते, म्हणून वडिलांनी टेम्पो करून माल थेट वाशीच्या दाणा बंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, आणला. तिथे गाळ्यागाळ्यावर एकच प्रकार घडला. पोत्यात टोकदार पोकळ सळई खुपसायची, तळहातावर दाणे घेऊन फुंकर मारायची, ‘डागी आहे, मामा’ म्हणायचे आणि ती मूठ गादीशेजारच्या डब्यात टाकून द्यायची. माल घ्यायचा नाही हे ठरलेले असले तरी नमुना परत द्यायची तिथे रीत नसावी. मूठभर गव्हाने कोणी गरीब होत नाही, हे वडिलांनाही कळते, तरी त्यांची नजर प्रत्येक वेळी त्या डब्याकडे जात होती, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

आपल्या गाळ्यावर आलो, तेव्हा आपण मात्र सळई मागितली नाही. पोत्याची शिवण वडिलांनाच उसवायला लावलीत, हाताने मूठभर गहू काढलात आणि गाळ्याबाहेर उजेडात जाऊन एकेक दाणा नखाने चिरून पाहिलात. कोंबाची जागा निरखलीत, थोडे दाणे चावून त्यांचा चिकट गोळा होतो का ते बघितलेत. मग परत येऊन ती मूठ पोत्यात ओतलीत, खाली सांडलेले चार दाणे वाकून वेचलेत, तेही आत टाकलेत आणि म्हणालात, ‘तुमचा माल आहे, तुमच्याच पोत्यात राहू द्या.’ भावाचा विषय त्यानंतर निघाला. गुडघे धरून उभे राहणारे आपण त्या चार दाण्यांसाठी खाली वाकलात, हे वडील आता येईल त्या पाहुण्याला सांगतात. भाव किती मिळाला हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

पुढचा व्यवहार कसा जुळला, कोणाकोणाला आपण फोन केलेत, तो तपशील इथे लिहीत नाही, कारण ते आपल्याला आवडणार नाही. परंतु त्या दुपारी आपण जे समजावलेत, ते चार लोकांपर्यंत पोहोचावे असे मला वाटते. गव्हाची पारख आपल्याकडे रंगावर होते आणि ही सवय जुनी आहे, असे आपण म्हणालात. 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बियाणे आले, पीक भरघोस आले, तरी लाल दाण्याची पोळी लोकांना रुचेना, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच वाणांच्या वंशातून पिवळसर दाण्याचे कल्याणसोना आणि सोनालिका पुढे आणले. ती निवड योग्यच होती. मात्र त्याच रंगाच्या हट्टापायी भिजून वाळलेला चांगला गहू मातीमोल होतो, हे आपले दुखणे होते. याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारने पंजाब आणि हरियाणातल्या खरेदीसाठी निकष सैल केले, आणि 10 ते 80 टक्के दाण्यांची चमक गेलेली असली तरी क्विंटलमागे फक्त 5 रुपये 31 पैसे कापायचे ठरवले, तेही 2,125 रुपयांच्या हमीभावातून. हा आकडा आपण पाकिटाच्या पाठीवर लिहून वडिलांच्या हातात दिलात. आमच्याकडे सरकारी खरेदी नावालाच, त्यामुळे तो आम्हाला लागू नव्हता, पण कापायचे तर किती कापणे रास्त आहे, हे तो कागद दाखवून बोलता आले. दुसऱ्या दिवशी आपण त्याच गव्हाचे पीठ गिरणीतून आणून, घरी चपात्या करवून, त्या डब्यातून खरेदीदाराच्या गादीवर नेऊन ठेवल्यात, याला मात्र वडिलांकडे शब्द नव्हते.

मशीद बंदरच्या जुन्या दाणा बंदरापासून आपण या धंद्यात आहात, आणि सगळी हयात शेतकरी व व्यापारी यांना एका सतरंजीवर बसवण्यात गेली, हे मला नंतर एका मापाड्याकडून, म्हणजे बाजारात माल मोजणाऱ्याकडून, समजले. मुंबईकराला सिहोरचा शरबती ठाऊक असतो, गुजरातचा लोकवन ठाऊक असतो, पण निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा त्र्यंबक किंवा नेत्रावती हा वाण मागून घेणारे गिऱ्हाईक आपल्याला अजून भेटायचे आहे, असे आपण हसत म्हणालात. गेल्या वर्षी, 13 मे 2022 रोजी, गव्हावर निर्यातबंदी आली तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने आपण बाजारात किती जणांशी वाद घातलात, हेही त्या मापाड्यानेच सांगितले. व्यापारी म्हणजे लुबाडणारा, असे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. कार्यालयात बसलेल्यांना आमचे ऐकून घ्यायचा पगार मिळत होता आणि आपल्याला मिळत नव्हता, एवढा फरक मी पाहिला. सौजन्याला खुर्ची लागत नाही, मोकळा वेळही लागत नाही. आपला फोन त्या वेळीही सारखा वाजत होता.

आपण वडिलांकडे पेरणीच्या तारखा मागितल्या होत्या, त्या कळवते. वरच्या रानात त्र्यंबक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला होता, तो पावसाआधीच घरात आला आणि त्याची चमक शाबूत आहे. विहिरीजवळच्या तुकड्यात मका निघायला उशीर झाल्याने नोव्हेंबरअखेर पेरणी झाली, आणि भिजला तो हाच गहू. बी दोन्हीकडे एकच होते. यंदा मक्याऐवजी तिथे सोयाबीन घेऊन रान लवकर मोकळे करावे, असा वडिलांचा विचार आहे. आपले मत काय ते फोनवर सांगावे, ते वाट पाहत आहेत.

आपली कृतज्ञ,
एका गहू उत्पादकाची मुलगी
भांडुप, मुंबई