समलिंगींच्या हक्कांबाबत भारताने तटस्थता सोडावी

मा. संपादक, स. न.

समलिंगी संबंधांना जन्मठेप किंवा फाशी ठरवणाऱ्या देशांची मदत तोडा, ही मागणी लगेच होते. युगांडात हे दोनदा करून झाले. 2014मध्ये जागतिक बँकेने 9 कोटी डॉलरचे कर्ज अडवले, तेही बाळंतिणी व नवजात बालकांच्या आरोग्यसेवेचे. तिथला समलिंगीविरोधी कायदा पडला तो तिथल्याच घटनात्मक न्यायालयात, संसदेत गणसंख्या (किमान हजेरी) नसताना मंजूर केला म्हणून. 2023मध्ये नवा कायदा आला, त्यात जन्मठेप आणि काही प्रकारांना थेट फाशी. बँकेने नवी कर्जे थांबवली, 2025मध्ये पुन्हा सुरू केली. कायदा मात्र आजही लागू आहे. पैसा अडला की झळ रुग्णांना बसते आणि सत्ताधाऱ्यांना परकीय दबावाची ओरड करायला आयते निमित्त मिळते.

समोरासमोरच्या बोलण्याने माणसे सुटतात. मलावीत 2010मध्ये समलिंगी संबंधांवरून दोघांना 14 वर्षांची सक्तमजुरी झाली होती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून तिथल्या राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि त्याच दिवशी माफी जाहीर झाली. पण ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते तसेच राहिले.

कलमाला हात घालायचा तर जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेतला सार्वत्रिक नियतकालिक आढावा उपयोगी पडतो. साधारण पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. इतर देश शिफारसी करतात आणि त्या देशाला प्रत्येक शिफारस स्वीकारावी लागते किंवा नुसती ‘नोंद’ घ्यावी लागते. ‘कायदा रद्द करा’ एवढेच म्हटले की बहुतेकदा नोंद घेऊन विषय संपतो. म्हणून शिफारस नेमकी हवी: फाशीची तरतूद काढा, अटकेतल्यांची सक्तीची गुदद्वार तपासणी थांबवा. ट्युनिशियाने 2017मध्ये ही दुसरी शिफारस स्वीकारली. अंमलबजावणीसाठी पुढेही झगडावे लागते, हे खरेच. शिफारस लिहिण्याआधी तिथल्या वकिलांना विचारायलाच हवे, कारण उद्या पोलीस त्यांच्या दारात उभे राहतात. खटल्याच्या तारखांना दूतावासाचा अधिकारी कोर्टात हजर असणे हेही मोठे काम आहे.

यात भारताचा शब्द वजनदार ठरेल. ब्रिटिशांनी 1860च्या भारतीय दंडसंहितेतले 377 कलम नमुना म्हणून अनेक वसाहतींत नेले. समलिंगी संबंधांपुरते ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी आपल्याच राज्यघटनेच्या आधारे बाद केले. भारताला पाश्चात्त्यांचा हस्तक म्हणायची सोय नाही. तरीही लैंगिक कल आणि लिंगओळखीवरील भेदभावाचा अभ्यास करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाच्या नेमणुकीवर याच परिषदेत झालेल्या मतदानात भारत 2016, 2019 आणि 2022मध्ये तटस्थ राहिला. पहिल्या वेळी 377 अस्तित्वात होते असे म्हणता येईल. पुढच्या दोन वेळांना ते कारणही उरले नव्हते, आणि हे मला फार लागते.

नाशिक आणि दिंडोरीच्या खासदारांनी लोकसभेत यावर तारांकित प्रश्न द्यावा; पूर्ण 15 दिवसांची नोटीस लागते. प्रश्न एवढाच असावा: 2019 आणि 2022मध्ये भारत कोणत्या कारणाने तटस्थ राहिला आणि पुढच्या मतदानात बाजूने मत देणार का?

आंतरराष्ट्रीय कायद्याची एक अभ्यासक, कॉलेज रोड, नाशिक