धरणातलं पाणी रोज मोजता, जमिनीखालचं कधी मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पेपरात धरणसाठ्याचे आकडे येतात, किती टक्के राहिलं, गेल्या वर्षी याच दिवशी किती होतं, आणि आम्ही सगळे ते बघूनच अंदाज बांधतो. पण पृथ्वीवर न गोठलेलं जे गोडं पाणी आहे त्यातलं जवळपास ९९ टक्के जमिनीखाली आहे, नद्या, तलाव, धरणं सगळं मिळून उरलेल्या १ टक्क्यात येतं. त्या ९९ टक्क्यांचा आकडा मात्र कुठेच दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या बिल्डिंगची बोअर मागे आटली. मोटर लावली की आधी पाणी, मग फेस, मग नुसती हवा. मीटिंगमध्ये एकच ठराव, अजून खोल जाऊ. शेजारच्यांनीही तेच केलं. तेव्हापासून मी एक करतो, दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडायची, वर ओढली की ओल कुठून सुरू होते ते बघून टेपने मोजायचं आणि तारीख टाकून वहीत लिहायचं. हे पहाटे मोटर लावायच्या आधीच करावं लागतं, नंतर केलं तर पातळी उतरलेली असते आणि आकडा फसवतो. वहीतून कळलं ते असं की आमची मोटर बंद असली तरी शेजारची दिवसभर चालली की आमचं पाणी खाली जातं. बोअर दोन, पाणी एकच!

आणि तेच पाणी नदीचंही आहे, हे तर कोणी बोलतच नाही. पाऊस संपून महिने झाले तरी नदी वाहते ती कशामुळे, तर मुरलेलं पाणी झिरपत झिरपत तिच्यात येतं म्हणून. आपण खालून उपसत गेलो की आधी झरे बंद होतात, मग ओढे, मग नदीत राहतं ते फक्त गटाराचं पाणी, मासे गेले, काठची झाडं वाळली, आणि मग आपण नदी सुधारणेसाठी काठाला भिंती बांधतो. मला याचं फार वाईट वाटतं.

लोक म्हणतात पाणी जिरवा. जिरवायलाच हवं, २०० चौरस मीटरच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी होतं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं आणि बाकीचं गाळून जमिनीत सोडायचं. पण जिरवलं म्हणून दुप्पट उपसलं तर काय उपयोग? ठिबकचंही तेच होतं, जगात माणूस जेवढं पाणी काढतो त्यातलं ७० टक्के शेतीला लागतं, म्हणून ठिबक हवंच, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर भिजवले की जमिनीखाली शिल्लक काहीच राहत नाही. उपशावर मर्यादा नसेल तर बचत कागदावरच राहते.

मर्यादा कोण घालणार, तर वापरणाऱ्यांनीच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचा पीएचडीचा अभ्यास लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर होता. तिथे उपसा इतका वाढला की समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं, तेव्हा पंपवाले एकत्र बसले, कोर्टाच्या मदतीने कोणी किती काढायचं ते ठरवलं आणि त्यावर देखरेख ठेवली. पण आधी कोण किती काढतंय हे मोजावं लागलं, त्याशिवाय बोलणार कशावर? आपल्याकडे आकडाच नसतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं दुसराच जास्त ओढतोय.

म्हणून विनंती आहे, धरणसाठ्याच्या चौकटीशेजारी भूजल पातळीची एक छोटी चौकट सुरू करा. रोज नको, महिन्यातून एकदा चालेल, पातळी किती फुटांवर आणि गेल्या वर्षी याच महिन्यात किती होती एवढंच. सरकारी निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्या मागवता येतील. आणि वाचकांना दोरी-टेपने मोजायची पद्धत एकदा छापून सांगा, माझ्या वहीतल्या नोंदी मी आनंदाने पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक