कोणाच्या हवेत?

आदरणीय सर,

तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणा असलेला तो ए-३ कागद अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटायला आलाय. त्यावर पाच बाण आहेत, पाचही बाणांपुढे माझ्या अक्षरात ‘वातावरणात’ असं लिहिलंय आणि पाचही शब्दांभोवती तुमची वर्तुळं. बाकी ड्रॉइंगवर तुम्ही एक रेघही ओढली नव्हती. त्या दिवशी मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तो गेलाही, पण आभार मानायचे राहूनच गेले, कारण मी तोंड उघडलं की तुम्ही ‘कामाचं बोल’ म्हणून विषय तोडायचात. पत्रात तसं तोडता येत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

एकटीने केलेली ती माझी पहिली गॅसलाइन. १० बार दाबाच्या हेडरमधून, म्हणजे मुख्य पाइपातून, नैसर्गिक गॅस घ्यायचा, रेग्युलेटरने दाब उतरवायचा आणि फर्नेसच्या बर्नरपर्यंत न्यायचा. एएसएमई बी ३१.३ हा पाइपिंगचा कोड उघडून मी पाइपच्या जाडीचं गणित चार पानं केलं होतं. तुम्ही ते अर्ध्या मिनिटात उलटलंत आणि विचारलंत, ‘उत्तर काय आलं?’

रेग्युलेटरनंतरचा पाइप ८० मिमीचा, डिझाइन दाब ५ बार. नुसत्या दाबासाठी लागणारी जाडी निघाली ०.१६ मिमी. गंजासाठी दीड मिमी धरा, कारखान्यातून पाइप साडेबारा टक्क्यांपर्यंत पातळ येऊ शकतो तेही धरा, तरी आकडा २ मिमीच्या आत. आणि शेड्यूल ४० चा, म्हणजे नेहमीच्या ठरलेल्या जाडीचा, पाइप असतो साडेपाच मिमीचा.

‘म्हणजे चार पानं लिहून तू पाइप फुटणार नाही हे सिद्ध केलंस. तो तसाही फुटणार नव्हता. आता गॅस जिथून बाहेर पडणार आहे ती टोकं दाखव.’

मी म्हटलं, ‘ते व्हेंट आहेत सर. हवेत सोडलेत.’

‘कोणाच्या हवेत?’

मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. पण तुम्ही हेल्मेट उचललंत आणि मला शेडमध्ये घेऊन गेलात. कागद हातात धरून एकेका बाणाची जागा शोधायला लावलीत. दोन शट-ऑफ व्हॉल्व्हच्या मधला ब्लीड, म्हणजे अडकलेला गॅस बाहेर सोडणारी नळी, जिथे उघडत होती, तिच्या बरोबर वर क्रेन ऑपरेटरची शिडी होती. रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा, पाइप छपरातून बाहेर काढला होता खरा, पण त्याच्या तोंडापासून दोन मीटरवर कंट्रोल रूमची ताजी हवा ओढणारा लूव्हर होता. ड्रॉइंगवर तो दिसत नव्हता, कारण तो माझ्या ड्रॉइंगचा भागच नव्हता. तुम्ही मला शिडीवर चढून त्या लूव्हरपुढे हात धरायला सांगितलंत. वारा हाताला ओढून आत जात होता. कोड म्हणतो, सुरक्षित जागी सोडा. ती जागा कुठली हे कोडला कसं माहीत असणार? ते हातालाच कळतं.

तिथेच उभ्या उभ्या तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. स्टँडबायला एलपीजीची लाइन होती आणि मी तिच्या व्हेंटला तसाच बाण काढला होता. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तो वर जाऊन छपराखाली साचणार. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो खाली उतरून केबल ट्रेंच शोधणार. मिथेन पेट घ्यायला हवेत साधारण ५ टक्के व्हावा लागतो, प्रोपेनला २ टक्क्यांच्या आसपास पुरतात. माझ्या कागदावर मात्र दोन्ही बाण अगदी एकसारखे होते. एकाच ब्लॉकची कॉपी.

पण खरी चूक वेगळीच होती, आणि त्यासाठीच मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. पाइप वाचवायचा म्हणून मी रेग्युलेटरचा व्हेंट आणि रिलीफ व्हॉल्व्हचा डिस्चार्ज एकाच बारीक हेडरमध्ये जोडून बाहेर नेला होता. मला ते फार नीटनेटकं वाटत होतं. तुम्ही चॉक घेऊन जमिनीवर रेग्युलेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, काढलात. त्याच्या एका बाजूने स्प्रिंग दाबते, दुसऱ्या बाजूने गॅस. स्प्रिंगच्या बाजूची हवा आत-बाहेर व्हावी म्हणून तो व्हेंट. आता रिलीफ उडाला, म्हणजे उघडला, तर त्या सामाईक हेडरमध्ये दाब चढणार, तो उलटा येऊन स्प्रिंगच्या बाजूने डायफ्रामवर बसणार, आणि रेग्युलेटरला वाटणार पुढे दाब कमी पडलाय. तो आणखी उघडणार. म्हणजे दाब वाढला म्हणून रिलीफ उडाला, आणि रिलीफ उडाला म्हणून दाब आणखी वाढला! माझ्या चार पानांत याचा मागमूस नव्हता. मी खाली बसून ती चॉकची आकृती किती तरी वेळ बघत होते. त्यानंतर मी आजवर कुठलेही दोन व्हेंट स्वतःला दहादा विचारल्याशिवाय जोडलेले नाहीत, आणि हे दोन तर कधीच नाहीत.

(व्हेंटचं तोंड खाली वळवून जाळी लावायची, नाहीतर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि रेग्युलेटरचा श्वास कोंडतो, हेही त्याच दिवशी कळलं. हे मला कोणी वर्गात शिकवलं नव्हतं.)

पाइपच्या दाबाच्या टेस्टच्या वेळी मात्र मी तुमच्यावर मनातून चिडले होते, ते आज कबूल करते. हेडर ३०० मिमीचा, १०० मीटर लांब. कंत्राटदाराला हवेने टेस्ट करायची होती: ११ बार, काम लवकर, पाणी काढायची आणि लाइन वाळवायची कटकट नाही. मलाही ते पटलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी ऊर्जा काढ. काढली. तेवढ्या हेडरमध्ये ११ बारला दाबलेल्या हवेत साठते सुमारे ११ मेगाज्यूल, म्हणजे अडीच किलो टीएनटीच्या आसपास. तोच हेडर पाण्याने भरून दीडपट दाबाला, १५ बारला नेला, तरी पाण्यात साठतात जेमतेम ४ किलोज्यूल. पाण्याच्या टेस्टला वेल्ड गेला तर बूट भिजतात. हवेच्या टेस्टला गेला तर टोकाला झाकण म्हणून बसवलेला ब्लाइंड फ्लँज कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही.

पण पाणी भरायचं तर सात टनांहून जास्त वजन, जवळजवळ पाइपच्या वजनाइतकंच, आणि माझे सपोर्ट गॅसच्या हिशेबाने धरलेले. सगळे पुन्हा काढावे लागले. तुम्ही एका शब्दानेही बोलला नाहीत, फक्त ‘मार्जिनमध्ये लिहून ठेव’ म्हणालात. आता पहिल्याच दिवशी लिहिते.

आणि गॅस सोडायचा दिवस. नायट्रोजनने पर्ज झाला होता, म्हणजे पाइपातली हवा हुसकून लावली होती, आता गॅस आत घ्यायचा होता. फिटरपैकी एकाने सहज विचारलं, बर्नरजवळचं युनियन, म्हणजे पाइपचा आट्यांचा जोड, थोडं सैल करू का, वास आला की आवळतो. असं करणारे लोक मी पाहिले होते. मला त्यात वावगं वाटलं नाही. तुम्ही सगळ्यांना थांबवलंत आणि अमेरिकेतल्या दोन घटना सांगितल्यात. जून २००९, नॉर्थ कॅरोलायनातलं गार्नर: नव्या वॉटर हीटरची लाइन पर्ज करताना गॅस इमारतीच्या आतच सोडला, भरवसा नाकावर. चार माणसं गेली. फेब्रुवारी २०१०, कनेक्टिकटमधलं मिडलटाउन: वीजकेंद्राच्या पाइपांतला कचरा नैसर्गिक गॅसच्याच झोताने उडवत होते. गॅस उघड्यावर सोडला होता, पण ती जागा इमारतींच्या आणि यंत्रांच्या गर्दीत होती. सहा माणसं गेली. त्यानंतर एनएफपीए ५६ हे अमेरिकेतलं अग्निसुरक्षेचं मानक आलं आणि ज्वलनशील वायूने पाइप साफ करण्यावर त्यात बंदी आली.

‘नाकाचं ऐकायचं नाही,’ तुम्ही त्या फिटरला म्हणालात, अगदी शांतपणे. ‘नवा पाइप गॅसचा वास पिऊन टाकतो. आणि तुझं नाक पाच मिनिटांत सरावतं.’ मग पर्जची नळी बाहेर नेली, आजूबाजूची सगळी ठिणगीची कामं बंद केली आणि गॅस डिटेक्टर माझ्या हातात दिलात. आकडा चढताना मी मोठ्याने वाचत होते आणि माझा आवाज कापत होता. तुम्ही तो ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, त्याबद्दलही आभार.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी भांडेन. हेडरच्या प्रसरणासाठी तुम्ही लूपच, म्हणजे पाइपलाच दिलेलं वळण, हवं म्हणून अडून बसलात. १०० मीटर पोलादी पाइप, तापमानात ४० अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ४८ मिमी. त्याऐवजी बसवायच्या बेलोजचा, म्हणजे घड्यांच्या लवचीक जोडाचा, पत्रा पातळ, त्याला अँकर आणि गाइड लागतात, हे सगळं मान्य. पण त्या लूपने पाइप रॅकवरची जी जागा खाल्ली, तिच्यावरून इलेक्ट्रिकलवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

‘वातावरणात’ हा शब्द मी ड्रॉइंगवर लिहायचं सोडलंय. आता व्हेंटच्या तोंडाची उंची लिहिते, ते कुठल्या दिशेला आहे ते लिहिते, आणि जवळचं दार, खिडकी किंवा लूव्हर किती मीटरवर आहे ते लिहिते. ड्राफ्ट्समन म्हणतो, मॅडम, एवढं बाणापुढे मावत नाही. मी त्याला सांगते, अक्षर बारीक कर.

तुमची,
‘हवेत’ लिहिणारी