गाठीबद्दल, फोनवर राहिलेलं

प्रिय आई-बाबा,

फोनवर अर्धंच सांगितलं. आईचा आवाज बदलला की मला पुढचं सुचत नाही.

पोटातल्या बाळाच्या माकडहाडाशी गाठ आहे, टेराटोमा म्हणतात तिला. साधारण ३५ ते ४० हजार बाळांत एखाद्याला होते, मुलींना जास्त. जन्मतः असलेल्या अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आई, हे वाक्य पुन्हा वाच. माझ्या खाण्यामुळे, जिने चढण्यामुळे काही झालेलं नाही. तुझा मनातल्या मनात चाललेला हिशेब थांबव.

खरी काळजी हृदयाची. गाठ फार रक्त ओढते, त्याचा ताण येऊन बाळाच्या अंगात पाणी साठू शकतं. म्हणून सारखी सोनोग्राफी, रक्तप्रवाह बघायला डॉपलर, हृदय बघायला इको. आत्तापर्यंत हृदय छान चाललंय. एमआरआयमध्ये गाठ बरीचशी बाळाच्या अंगाबाहेरच दिसली, त्याच्या पोटात थोडीच. सर्जनना ते बरं वाटलं.

आणि आमचं ठरलंय, बाळंतपण इथेच. गाठ ५ सेंटिमीटरच्या वर आहे, म्हणून सिझेरियन. नाहीतर बाहेर येताना ती फुटून रक्त जायची भीती. लहान मुलांचे सर्जन आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, याच इमारतीत आहेत, जन्मल्या जन्मल्या बाळाला गाडीत घालून न्यायला नको. मला तुमच्याकडेच यायचं होतं, खरंच. न विचारता ठरवलं असं बाबांना वाटेल. पण विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता आणि रात्रभर जागला असता.

ऑपरेशन पहिल्या काही दिवसांतच. माकडहाडही काढतात, ठेवलं तर गाठ परत यायचा धोका वाढतो. त्या हाडाशिवाय मूल बसतं, चालतं, पळतं. पुढे तीनेक वर्षं रक्तातलं एएफपी बघत राहतील, गाठ परत आली तर वाढू शकणारं एक प्रथिन आहे ते; नवजात बाळात ते मुळातच खूप असतं, पहिला आकडा ऐकून घाबरू नका. काही मुलांना शी-शूचा त्रास राहतो, तेही लपवत नाही.

मी वेळेवर जेवते, कुशीवर झोपते, उशा भरपूर आहेत. ताप आला की बाबा, तुम्ही थर्मामीटर उजेडात धरून 'उतरतोय' म्हणायचात, उतरत नसला तरी. तसं एकदा फोनवर म्हणा ना.

बीपीची गोळी चुकवायची नाही. नेटवर फोटो शोधायचे नाहीत. मावशीला मी सांगेन, तुम्ही नको. तिकिटं मी सांगेपर्यंत काढू नका. आणि आई, मोतीबिंदूची तारीख अजिबात पुढे ढकलायची नाही. बाळ घरी आलं की जखम रोज कोण बघणार? मला तर बघवणार नाही.

तुमची,
मनू